पहिला इग्लू बांधताना: बर्फ निवडण्यापासून झरोक्यापर्यंत

इग्लू बर्फाचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्या बर्फाचा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मराठीत सरबतातल्या खड्यालाही बर्फ म्हणायचं आणि आभाळातून उतरणाऱ्या कापसालाही बर्फच म्हणायचं, त्यामुळे आपली गल्लत होणं साहजिक आहे. इग्लू सरबतातल्या बर्फाचा नसतो. काचेसारखा घट्ट बर्फ जड असतो, करवतीला दाद देत नाही, आणि त्यात हवा कोंडलेली नसल्यामुळे ऊबही धरत नाही. तो नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचाही नसतो; तसल्या बर्फाचा चिरा, म्हणजे विटेसारखा कापलेला ठोकळा, उचलायला जावं तर ओंजळीत भुगा येतो. इग्लूला लागतो तो वाऱ्याने ठोकून बसवलेला बर्फ. वारा बर्फाच्या नाजूक पाकळ्या मोडतो, त्यांचे बारीक दाणे करतो आणि सपाट जागी दाबून घालतो. मग दाणे एकमेकांना चिकटत जातात. थंडीत एकदोन दिवस असेच गेले की त्या थरातून करवतीने चिरे काढता येतात, आणि तरी त्यात अर्ध्याहून जास्त हवाच असते. हीच कोंडलेली हवा आतल्या माणसांची गोधडी.

मी विनिपेगला राहते. कॅनडाच्या मधोमध, सपाट माळरानावरचं हे शहर. जानेवारीत पारा उणे २० च्या खाली जाणं इथे नेहमीचं, आणि वाऱ्याला अडवायला डोंगर नाही. शहरापासून गाडीने तासाभरावर विनिपेग सरोवराच्या काठाशी जो बर्फ साचतो, त्यावर मी इग्लू बांधायला शिकले. शिकवणारे होते कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातून आलेले एक वयस्क इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांपैकी, शिकारी. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणते. त्यांनी दाखवलेलं आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत माझ्या हाताला पटलेलं असं सगळं या लेखात आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. हे घर ज्यांचं, ते सगळेच बर्फाच्या घरात राहत होते असं नाही. कॅनडाच्या मध्य आर्क्टिकमधले आणि वायव्य ग्रीनलंडमधले इनुइट हिवाळ्यात बर्फाची घरं बांधत. इतर ठिकाणी गवताची ढेकळं, दगड, देवमाशाची हाडं, समुद्रातून वाहत आलेली लाकडं यांची घरं असत. त्यांच्या इनुक्तितुत भाषेत इग्लू म्हणजे कुठलंही घर, अगदी लाकडाचं पक्कं सुद्धा. नुनावुतमध्ये इग्लूलिक नावाचं गाव आहे, त्या नावातही 'घरं असलेली जागा' एवढाच अर्थ. १९५० आणि १९६० च्या दशकांत बहुतेक कुटुंबं पक्क्या वस्त्यांमध्ये आली. तरी बर्फाचं घर बांधण्याची विद्या मोडीत निघालेली नाही. शिकारीला गेलेला माणूस वादळात अडकला की रात्र काढायला आजही तीच कामाला येते.

जागा आणि दिवस

दिवसभर उणे १० किंवा त्याहून कमी तापमान राहील असा दिवस निवडा. पारा शून्याच्या आसपास असला तर कामाला हातच घालू नका. चिरे ओले होतात, स्वतःच्या वजनाने वाकतात, आणि छत अर्ध्यावर असताना बसतं. फार जोराचा वाराही नको, कारण नवख्याला चार-सहा तास उघड्यावर काम करायचं आहे. सराईत माणूस छोटा इग्लू तासाभरात उभा करतो; आपण तशी अपेक्षा धरायची नाही. सकाळी लवकर सुरुवात करा, कारण इथे डिसेंबर-जानेवारीत साडेचार-पाचला अंधार पडतो.

जागा सपाट हवी, आणि दाबलेला बर्फ निदान गुडघ्याएवढा खोल हवा. वर डोंगराचा उतार असेल तर तिथे बांधू नका. हिमस्खलन सांगून येत नाही. बर्फाने लदलेल्या झाडाखालीही नको. गोठलेल्या तळ्यावर बांधण्याचा मोह होतो, पण नवख्यांनी काठावर, जमिनीवरच बांधावं. आणि मुलाबाळांच्या घरांसाठी मुद्दाम सांगते: रस्त्याकडेला बर्फ हटवणाऱ्या गाडीने जे ढीग लावलेले असतात, त्यांत भुयार खणून खेळू देऊ नका. ती गाडी परत येते आणि चालकाला आत कोण आहे ते दिसत नाही.

बर्फ पारखायची आजोबांची पहिली कसोटी टाचेची. बर्फावर सरळ चालत जायचं. बूट रुतला तर बर्फ कच्चा. पावलाचा ठसाच उमटला नाही तर तो फार कडक. टाचेची पुसट खूण उमटली पण पाय आत गेला नाही, की तिथे थांबायचं. मग बारीक, लांब काठी हळूहळू आत दाबायची. ती एकाच वेगाने, एकाच जोराने खाली गेली तर थर एकजीव आहे. मध्येच अडली आणि मग झटक्याने सुटली, तर आत दोन वेगवेगळ्या वादळांचे थर एकावर एक आहेत, आणि चिरा उचलताना नेमका तिथेच फाटणार. आजोबा अशी काठी घेऊन अर्धा तास फिरले. आम्ही पाचजण थंडीत उभे होतो आणि आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की समोर एवढा बर्फ पडलाय, आता सुरुवात करावी. नंतर मी स्वतः घाईने निवडलेल्या बर्फावर एक अख्खा दिवस वाया घालवला, तेव्हा त्या अर्ध्या तासाची किंमत कळली.

हत्यारं आणि कपडे

पारंपरिक हत्यार एकच: बर्फाची सुरी, इनुक्तितुतमध्ये 'पाना'. पूर्वी ती हाडाची, शिंगाची किंवा हस्तिदंतासारख्या सुळ्याची असे, आता पोलादी असते. लांब, रुंद पात्याची ही सुरी कापते, तासते, खरवडते आणि गिलाव्यालाही चालते. नवख्याने लाकूड कापायची मोठ्या दातांची हातकरवत घ्यावी. तिने चिरे सरळ निघतात. सोबत दोन फावडी, एक काठी, दीड मीटर दोरी.

कपड्यांत हयगय नको. सुती काहीही अंगाला लागून घालायचं नाही, कारण सूत घाम पितं आणि मग अंग गारठवतं. आतून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वरून वारा अडवणारं. आत बसून बांधणारा माणूस पूर्ण वेळ गुडघ्यांवर असतो, त्यामुळे त्याची विजार पाणी न झिरपणारी हवी. हातमोज्यांचे दोन जोड तरी न्या. पहिला तासाभरात ओला होतोच. घाम फुटेल इतक्या जोरात काम करू नका. गरम वाटलं की एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर काम तिथेच थांबवा, हात काखेत घ्या. चोळायचं नाही. हिमदंशात चोळल्याने कातडीला इजा वाढते.

आखणी

काठी मध्ये रोवा, तिला १ मीटर १० सेंटिमीटर दोरी बांधा आणि फेर धरून वर्तुळ काढा. आतला व्यास सव्वादोन मीटरच्या आसपास येतो. दोन माणसं आरामात झोपतील, तिसरं मावेल. पहिल्या वेळी यापेक्षा मोठा घेऊ नका. व्यास वाढला की छताचे चिरे जास्त आडवे होत जातात, आणि आडवा चिरा धरून ठेवणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे.

दार कुठे येणार हे आत्ताच ठरवा. वाऱ्याच्या तोंडावर दार ठेवलं तर बर्फ सरळ आत येतो. बरोबर उलट्या बाजूला ठेवलं तर घराच्या आडोशाला बर्फ साचत जातो आणि दार बुजतं. म्हणून वाऱ्याला आडवं, बाजूने.

चिरे काढताना

कोकणातल्या वाचकांना चिरा शब्द समजवायला नको. जांभ्याच्या खाणीत जसा चिरा कापतात, तसाच हा काढायचा, फक्त करवत चालवायला ताकद लागत नाही. आणि खाण कुठे लावायची? शक्य तेवढी वर्तुळाच्या आतच. आतला बर्फ कापून भिंतीला लावला की जमीन खाली जाते आणि भिंत वर येते, म्हणजे एकाच कामात दोन्ही बाजूंनी उंची मिळते. बाहेरून थोडेच चिरे आणावे लागतात.

आधी फावड्याने एक चर खणा, म्हणजे चिऱ्याची एक बाजू उघडी पडेल. मग दोन उभे काप, मागचा एक काप, आणि शेवटी बुडाचा. बुडाचा काप पूर्ण झाला की चिरा पायाने हलकेच ढकलला तरी सुटतो. माप साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० उंच, २० जाड. अशा चिऱ्याचं वजन १५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे भरलेल्या घागरीएवढं. आपल्या मापाच्या घराला असे ४० च्या आसपास चिरे लागतात. हिशोब केला तर ६०० किलो बर्फ हातावरून जातो. म्हणून उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका, आणि चिरा पोटाशी घेऊन चाला.

पहिला निघालेला चिरा दोन टोकांना धरून उचला. मध्ये मोडला तर बर्फ बदला. मोडला नाही तर त्याच खाणीतून आणखी दहा-बारा काढून काठावर उभे करून ठेवा. थंड वाऱ्यात थोडा वेळ उभा राहिलेला चिरा अजून कडक होतो.

पहिला थर

इथे घाई करणाऱ्याचं घर तिसऱ्या थराला पडतं. माझं पडलं होतं. मी पहिला थर ओळंब्यात, सरळ उभा रचला होता, आपल्या भिंती असतात तसा. वरचे थर आत झुकवायला लागले तेव्हा त्यांच्याखाली आधारच नव्हता. दोन चिरे एकदम आत आले आणि त्यांच्यामागून सहा. कुणाला लागलं नाही, पण चार तासांचं काम गेलं.

तर पहिल्या थरापासूनच आत झुकायचं. ज्या रेघेवर चिरे बसणार तिथला बर्फ बाहेरच्या बाजूला किंचित उंच आणि आतल्या बाजूला किंचित खोल तासून घ्या, म्हणजे चिरा आपोआप वर्तुळाच्या मध्याकडे कलतो. चिऱ्याच्या उभ्या कडाही तिरप्या तासा, म्हणजे शेजारचे दोन चिरे पूर्ण कडेने भिडतील. साधारण बारा चिऱ्यांत वर्तुळ पुरं होतं.

वर्तुळ पुरं झालं की जे करायचं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला नासधूस वाटते. एका चिऱ्याच्या बुडाशी करवत लावायची आणि पुढच्या तीन-चार चिऱ्यांवरून तिरकी वर चढवत न्यायची. जमिनीपासून सुरू झालेली चढण चौथ्या चिऱ्याच्या माथ्याशी संपते. आता भिंतीला एक घसरगुंडी तयार झाली. दुसऱ्या थराचा पहिला चिरा त्या घसरगुंडीच्या तळाशी, उभ्या कडेला पाठ टेकून बसवायचा, आणि तिथून भिंत गोल जिन्यासारखी चढत जाते. एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते सांगताच येत नाही.

याचा फायदा असा, की प्रत्येक नव्या चिऱ्याला दोन आधार मिळतात, खालचा थर आणि मागचा चिरा. वेगवेगळी वर्तुळं एकावर एक ठेवली असती तर दर थराचा पहिला चिरा एकटा, अधांतरी राहिला असता. त्याला कुणीतरी धरून उभं राहावं लागलं असतं.

चिरा कसा बसवायचा

आता एक माणूस आत राहतो. बांधकाम आतून होतं. बाहेरचा माणूस चिरे देतो आणि फटी बुजवतो. आतला माणूस शेवटपर्यंत आतच असतो, दार नंतर कापायचं.

आजोबांचा हात मी याच टप्प्यावर जवळून पाहिला. त्यांनी चिरा जागेवर ठेवला, डाव्या हाताचा तळवा त्याला आतून लावला, आणि सुरीचं पातं चिऱ्याच्या बुडाखालून आडवं फिरवलं. मला वाटलं, बसवलेला चिरा ते पुन्हा मोकळा करताहेत. पातं बाहेर आलं तेव्हा बुडाचा मधला भाग तेवढा कोरला गेला होता आणि दोन्ही कोपरे टेकलेले होते. मग मागच्या चिऱ्याला लागलेल्या उभ्या कडेत पातं घातलं आणि तिथलाही खालचा भाग खरवडला, वरचा कोपरा तेवढा भिडलेला ठेवला. शेवटी तळहाताने वरून, थोडा मागच्या बाजूला, एक फटका मारला. चिरा अर्धं बोट खाली बसला, कोरड्या बर्फाचा कर्र आवाज आला, आणि त्यांनी डावा हात काढून घेतला. चिरा आत झुकलेला होता आणि पडला नाही.

कारण साधं आहे. बुडाचा मधला भाग टेकला असता तर चिरा तराजूच्या दांडीसारखा त्यावर डुलला असता. दोन खालचे कोपरे आणि एक वरचा कोपरा, अशा तीन जागीच टेकला की डुलायला वावच राहत नाही. तिवईचे तीन पाय जसे ओबडधोबड जमिनीवरही ठाम बसतात, तसं. आणि फटक्याने घासल्या गेलेल्या जागी बर्फाचे दाणे एकमेकांना धरू लागतात. दहा मिनिटांनी तोच चिरा हलवून पाहा, सांधा सुटत नाही.

हे एका दिवसात हाताला येत नाही. सुरुवातीला प्रत्येक चिरा दोनदा-तीनदा काढून तासावा लागतो. तासा. जबरदस्तीने दाबून बसवलेला चिरा पुढे कधीतरी सरकतोच.

सांधमोड विसरू नका. खालचा उभा सांधा जिथे आहे, त्यावर वरच्या चिऱ्याचं पोट यायला हवं. गवंडी विटा लावताना जे पाळतो तेच. सांध्यावर सांधा आला तर चिरा थोडा आखूड करा आणि पुढे चला.

कल किती द्यायचा? हातात एखादी साखळी घ्या, दोन टोकं दोन हातांत धरा आणि मध्ये लोंबू द्या. जो आकार पडतो तो मनातल्या मनात उलटा करा. चांगल्या इग्लूचा कापलेला आकार त्याच्या जवळ जातो. म्हणजे तो अर्धा चेंडू नसतो, माथ्याकडे थोडा निमुळता असतो. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो. ती उलटी केली की त्याच रेषेत फक्त दाब राहतो. बर्फ दाब उत्तम सोसतो, ताणाला लगेच तुटतो. घुमट जास्त चपटा झाला की पोट बाहेर फुगतं किंवा माथा बसतो. नवख्यांनी चूक करायचीच तर उंच घराकडे करावी, बसक्याकडे नको.

माथा

तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून चिरे आखूड घ्या, वरची कड खालच्या कडेपेक्षा लहान ठेवा. आता चिरे पंचेचाळीस अंशांहूनही जास्त झुकलेले असतात आणि एका हाताने, कधी डोक्यानेही, आधार द्यावा लागतो. मजा अशी की इथे भोक लहान होत जातं तसं काम सोपं होतं, कारण प्रत्येक चिऱ्याला समोरूनही आधार मिळू लागतो.

शेवटचा कळीचा चिरा राहतो. भोक गोल ठेवू नका, एका दिशेने थोडं लांबट ठेवा, आणि त्याच्या कडा वर रुंद, खाली अरुंद अशा तासा. चिरा भोकापेक्षा मोठा कापा. तो उभा करून, कडेवर फिरवून, भोकातून बाहेर काढा. मग आडवा करून भोकावर टेकवा. दोन्ही हात वर करून त्याला तोलत, कडा थोड्या थोड्या तासत खाली येऊ द्या. भुगा तोंडावर पडतो, तो पडू द्या. बाटलीच्या बुचासारखा चिरा आत बसला की आतला उजेड एकदम निळसर होतो, बाहेरचे आवाज बंद होतात.

फटी, दार, ओटा

बाहेरच्या माणसाने आता प्रत्येक सांध्यात मऊ बर्फ हलक्या हाताने भरावा. मोठी फट असेल तर बर्फाचा तुकडा आणि वर भुगा. भिंतीच्या पायथ्याशी फावड्याने बर्फ ओढून चारी बाजूंनी लावा. आतल्या माणसाने तेवढ्या वेळात आतली बाजू हातमोज्याने गुळगुळीत करावी. ही हौस म्हणून करायची गोष्ट नाही. रात्री आत ऊब आली की छताला ओल सुटते. टोक असेल तिथून पाणी ठिबकतं; गुळगुळीत असेल तर भिंतीवरून ओघळून खाली जातं आणि तिथेच गोठतं.

दार भिंतीत कापू नका, भिंतीखालून काढा. आत आणि बाहेर खणून असा बोगदा करा की माणूस रांगत येईल, आणि त्याची जमीन झोपायच्या जागेपेक्षा बरीच खाली असेल. झोपायची जागा म्हणजे ओटा. घराचा मागचा दोन-तृतीयांश भाग चिरे काढताना खणला नसेल तर तसाच ठेवा, खणला असेल तर बर्फ टाकून दारापेक्षा ४०-५० सेंटिमीटर उंच करा. गार हवा जड, ती बोगद्यात आणि खालच्या खड्ड्यात उतरते. ऊब वर ओट्यापाशी राहते. बाहेर उणे ३० असताना माझ्या ओट्यावर उणे ४ पाहिलंय, तेही दोन माणसांच्या अंगाच्या उबेवर आणि एका मेणबत्तीवर. इनुइट घरांत दगडी, चंद्रकोरी दिवा असे, 'कुल्लिक'. त्यात सीलची चरबी जळे आणि त्यावरच जेवण, उजेड, कपडे वाळवणं सगळं होई.

बोगद्यावर चिऱ्यांचं छप्पर घाला. तोंडाशी अर्धा चिरा किंवा पिशवी ठेवा, पण पूर्ण बंद करायचं नाही.

झरोका

हा परिच्छेद वगळू नका. माथ्याजवळ, कळीच्या चिऱ्याच्या थोडं खाली, मूठ जाईल एवढं भोक तिरकं पाडा, आणि त्यात काठी घालून ठेवा. रात्री बर्फ पडला किंवा आतल्या ओलीने भोक बुजायला लागलं तर काठी हलवून मोकळं करायचं. आतल्या भिंतीवर हळूहळू बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो. तो घर मजबूत करतो, पण हवाही अडवतो.

आत गॅसची शेगडी, कोळसा, रॉकेलचा दिवा काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं थकव्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस झोपून जातो. चहा, जेवण बाहेर करा. कुणालाही असं वाटू लागलं तर विचार करत बसू नका, सगळ्यांनी बाहेर या.

फावडं रात्री आत, उशाशी ठेवायचं. बाहेर राहिलं आणि बोगदा बुजला तर उपयोग नाही. कुठे आहात आणि कधी परतणार ते घरी कुणाला तरी सांगून जा. घरावर किंवा शेजारी उंच काठीला रंगीत झेंडी लावा. पांढऱ्या माळावर पांढरा घुमट स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, चालवणाऱ्याला दिसत नाही. आणि ओट्यावर थेट पथारी टाकू नका. खाली हवा न भरलेली फोमची चटई, तिच्यावर दुसरी, मग झोपायची पिशवी. ऊब भिंतीतून जाते त्यापेक्षा जास्त पाठीखालून जाते.

बर्फ भुसभुशीत असेल तर

भारतातून येणारे नातेवाईक विचारतात, मनालीला हे जमेल का? मनालीजवळ सेथान गावात हिवाळ्यात पर्यटकांसाठी इग्लू बांधतात, गुलमर्गलाही बर्फाची मोठी घुमटाकार उपाहारगृहं उभी राहिली आहेत. पण तिथे झाडांच्या आडोशाला पडणारा बर्फ बहुतेक वेळा मऊ असतो, आणि फेब्रुवारीत दुपारी ऊन लागलं की पारा शून्याच्या वर जातो. अशा बर्फात चिरे कापण्याच्या मागे लागू नका. ढीग करून आतून पोखरायचं घर बांधा. कॅनडातले लोक त्याला 'क्विन्झी' म्हणतात.

दिवाळीचा किल्ला केलेल्या कुणालाही हे जमेल. तीन मीटर व्यासाचा, डोक्याएवढा उंच ढीग करा. फावड्याने बर्फ उलटापालटा करत टाका, म्हणजे वेगवेगळ्या तापमानाचे दाणे मिसळतात आणि चांगले धरतात. मग दोन तास सोडून द्या. या दोन तासांत काहीच होत नाही असं वाटतं, पण दाण्यांमध्ये सांधे जुळत असतात. ३० सेंटिमीटर लांबीच्या वीस-पंचवीस काटक्या ढिगात सगळीकडून पूर्ण खोचा. आता दाराकडून पोखरायला लागा आणि काटकीचं टोक दिसलं की तिथे थांबा. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची राहते. पोखरताना बाहेर एक माणूस फावडं घेऊन उभा हवाच, कारण पडलंच तर याच वेळी पडतं. आतल्याचे पाय बाहेरून दिसत राहिले पाहिजेत. ओटा, झरोका, शेगडीचा नियम इथेही तोच.

घर किती टिकतं

थंडी कायम असेल तर इग्लू आठवडे टिकतो, आणि पहिल्या रात्रीनंतर अधिक मजबूत होतो. जुन्या पद्धतीत घर झाल्यावर आत दिवा मोठा करून भिंती किंचित ओलावू देत, मग दार उघडून गार हवा आत सोडत. ओल गोठली की भिंत एकसंध होई. आपल्या घरात हे काम श्वासांच्या वाफेने आपोआप, हळूहळू होतं. मात्र पापुद्रा जाड झाला तर भिंत ऊब गमावू लागते. दोन-तीन रात्री राहणार असाल तर सुरीने आतून हलकं खरवडा.

रोज सकाळी माथ्याकडे पाहा. छत दिवसाला थोडं खाली येतं, ते चालतं. एका बाजूने पोट सुटलेलं दिसलं, तडा गेला, किंवा बाहेर ऊन तापून भिंत ओलसर, करड्या रंगाची झाली, तर सामान बाहेर काढा आणि त्यात पुन्हा जाऊ नका. मुलं 'अजून एकदा' म्हणतील, तरी नाही.

निघताना घर तसंच सोडून येऊ नका. पुढच्या आठवड्यात तिथे कुणाची तरी मुलं येतात, आत शिरतात, आणि तोवर छत कच्चं झालेलं असतं. आम्ही बाहेरून लांब काठीने कळीचा चिरा आत ढकलतो, भिंती आत लोटतो, आणि खड्डा फावड्याने भरून सपाट करतो. दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम. झेंडी मात्र सगळ्यात शेवटी काढायची, खड्डा पूर्ण भरल्यावर.